सोमेश्वरचा डावा हात

माझा भाऊ नवनाथ गिटार वाजवतो आणि धारूरचा सोमेश्वर लग्नाच्या वरातीत कॅसिओ. या दोघांनी मिळून जॅझ फ्यूजनचा अल्बम काढायचं ठरवलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. बीडमध्ये माझा कोचिंग क्लास आहे. रविवारी वर्ग रिकामा, म्हणून रेकॉर्डिंग तिथंच. रिक्षांचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांवर आईच्या गोधड्या टांगल्या. वाजायला सुरुवात झाली आणि माझं हसू जागच्या जागी जिरलं.

काय वाजवतो तो सोमेश्वर! नवनाथनं मोबाइलवर परदेशी वादक ऐकून ऐकून ते वेडेवाकडे सूर बोटांत बसवलेले. सोमेश्वरला त्यातल्या एकाही वादकाचं नाव माहीत नाही. पण नवनाथनं ओळ छेडली की हा तिच्याखाली असा काही स्वर धरायचा की अंगावर काटा यावा. उजवा हात नुसत्या खोड्या करणार, डावा खालची जागा भरत राहणार. मी पेपर तपासायचं सोडून दारात उभी राहायचे.

घोडं अडलं ते शेवटच्या रचनेत. मध्येच कीबोर्डनं पूर्ण थांबायचं, थोडी शांतता, मग एकटी गिटार, आणि नंतर सोमेश्वरनं परत यायचं. पण त्याचा उजवा हात उठायचा, डावा मात्र पट्ट्यांवरच. एक बारीक सूर चालूच. सकाळपासून हेच. आज जमलं नाही, तर तेवढ्यासाठी पुण्याहून दुसरा वादक आणावा लागणार होता, म्हणजे दोघांचा अल्बम तिघांचा होणार. सोमेश्वरला ते माहीत होतं. बिचाऱ्याला घाम फुटला होता.

"सोम्या, हात उचल की बे! पट्टी का सोडत न्हाईस?" नवनाथ शेवटी ओरडलाच.

सोमेश्वर मान पुसत माझ्याकडे वळला. "यशोधराताई, वरातीत वाजायचं थांबलं की पोरं भांडतेत. एकदा जनरेटर बंद पडला अन् तेवढ्यात काठ्या निघाल्या. माझ्या मावसभावाचं डोकं फुटलं. तवापासून ह्यो हात उठतच न्हाई बघा."

मीही चिडले होते, पण हे ऐकून राग गेला. तरी मास्तरीण ती मास्तरीणच. "ती जागा आली की हात सरळ मांडीखाली घाला," मी म्हणाले, "आणि बसा त्याच्यावर." तो ओशाळून हसला, पण त्यानं ऐकलं.

पुन्हा सुरुवात केली. ती जागा आली. सोमेश्वरनं डावा हात खरोखरच मांडीखाली कोंबला आणि डोळे घट्ट मिटले. वर्गात एवढी शांतता मी परीक्षेतसुद्धा पाहिली नव्हती. मग गिटार आली. हळू, सावकाश, मनातलं बोलावं की नाही हे ठरवत बोलणाऱ्या माणसासारखी. माझा भाऊ इतका मोठा वादक आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि मला फार अभिमान वाटला.

सोमेश्वरची परत यायची जागा आली आणि गेली. तो आलाच नाही. नवनाथनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण थांबला नाही. ठरलेलं सगळं सोडून, नवे सूर शोधत, त्यानं ती रचना एकट्यानं शेवटापर्यंत नेली.

तार शांत झाली तसा सोमेश्वर दचकला. "आरं, माझं वाजवायचं ऱ्हायलं की!"

"कुठं गेलतास बे?"

"ऐकत बसलतो." सोमेश्वरनं मांडीखालचा हात बाहेर काढला. "दोन वर्सं झाली आपण संगं वाजवतोय, पर माझाच हात चालू. तू लई भारी वाजवतोस, नवनाथ. मला ठाऊकच नव्हतं."

नवनाथनं खाली मान घातली. मग म्हणाला, "परत घ्यायचं न्हाई. आसंच ऱ्हाऊ दे."

अल्बम निघाला, दोघांच्याच नावानं. शेवटची रचना मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवते. एकटी गिटार सुरू झाली की लोक विचारतात, कीबोर्डवाला कुठं गेला? मी ओठांवर बोट ठेवते आणि सांगते, गप्प बसा, इथं सोमेश्वर ऐकतोय.