माझ्या कपाळावर लागलेली गोळी

मी मास्क बोलतोय, आणि चांगलाच तापून बोलतोय. सर्दीपडशात नाकावर ओढायचा तो कापडाचा तुकडा म्हणजे मी नव्हे, बरं का. मी कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खा चेहरा झाकतो. डोळ्यांपुढे न फुटणारी दुहेरी काच, तोंडापुढे जाळी, कानांवर झापडं. खेळातल्या बंदुकांनी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांचे डोळे वाचवायचे, हे माझं काम.

आमच्या कारखान्यात दर खेपेतला एक मास्क उचलून त्याच्या काचेवर पोलादी गोळी झाडून बघतात. त्याची काच टिकली तरच बाकीच्यांना पास करतात. आमच्या खेपेत ती वेळ माझ्या शेजाऱ्यावर आली. बिचारा टिकला, म्हणून मी दुकानात पोचलो. तेव्हा मला वाटलं, वा, या जगात सगळं तपासून, खरं-खोटं करून चालतं तर! काय भाबडा होतो मी.

मला विकत घेतलं ते एका विमा तपासनिसाने. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळलं, की हा जाऊन बघणार, माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय. ‘पुरावा काय?’ हे दोन शब्द त्याच्या जिभेवर कायमचे मुक्कामाला. रविवारी घरातला प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो, म्हणून सगळ्यांनी मिळून एक छंद लावून घ्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. पेंटबॉल की एअरसॉफ्ट, या गोळ्यांच्या दोन खेळांपैकी कुठला, एवढंच ठरायचं बाकी होतं. मास्क दोन्हीकडे लागतो, म्हणून आधी मास्क आले. एकूण चार. एक त्याला स्वतःला, एक त्याच्या बायकोला, एक अकरा वर्षांच्या मुलीला, जिला सगळे बारकी म्हणतात, आणि एक मामाला. हा मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. डबा घरचा असेल तर तो कुठेही यायला तयार. मी त्या तपासनिसाच्या, म्हणजे बारकीच्या बाबाच्या वाट्याला आलो. डोकं मोठं, घाम भरपूर. पण तक्रार केली नाही मी.

पहिल्या रविवारी पेंटबॉल झाला. यातली गोळी रंगाची असते. अंगावर फुटली की रंग पसरतो आणि ज्याच्यावर रंग तो बाद. वाद नाही, चर्चा नाही. आईची लाँड्री आहे, त्यामुळे रंग बघून ती कपाळाला हात लावेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, हा तर पाण्याने निघतो, मी रोज याच्या दसपट वाईट डाग काढते. दहा मिनिटांत बारकीने बाबाच्या पोटावर बशीएवढा नारिंगी गोळा उमटवला. बाबाने खाली बघितलं आणि काय करावं? कोपराने तो पुसायला लागला! पंचाने शिट्टी मारली, तेव्हा कुठे गेला बाहेर. मी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

घरी येताना त्याचं सुरू झालं. गोळी फार लागते, बंदूक पोरीला जड होते, रंगाने सगळा राडा होतो. पोर एका शब्दाने काही म्हणाली नव्हती.

म्हणून पुढच्या रविवारी एअरसॉफ्ट. यातली गोळी प्लास्टिकची, मटारपेक्षाही लहान. ती लागते, पण खूण राहत नाही. पंचाने सगळ्यांना उभं करून समजावलं, की इथे ज्याला लागली त्यानेच हात वर करायचा आणि ‘लागली’ म्हणून बाहेर पडायचं. दुसऱ्याला दिसणार नाही, तेव्हा हा सगळा खेळ ज्याच्या त्याच्या शब्दावर. बाबाने अगदी समजूतदारपणे मान डोलावली. मीही डोलावली, इलाजच नव्हता.

आई आणि बाबा एका बाजूला, बारकी आणि मामा दुसऱ्या. आई-बाबा टायरांच्या ढिगामागे खांद्याला खांदा लावून बसलेले. मामा तर सुरुवातीलाच हात वर करून डब्याकडे निघून गेला. बारकी मात्र लाकडी खोक्यांमागे अशी चिडीचूप बसली, की बाबाला वाटलं ती कंटाळली. त्याने डोकं वर काढलं, आणि टक्! बरोब्बर माझ्या कपाळावर.

मी वाट बघितली. आता हात वर जाईल. त्याचा श्वास थांबल्याचं मला कळलं, म्हणजे त्यालाही कळलं होतं. आणि मग त्याने सावकाश डोकं खाली घेतलं. हात नाही, शब्द नाही. बारकी तिकडून ओरडली, लागली म्हणून. हा इकडून म्हणतो, नाही, बाजूने गेली!

दुसरी माझ्या गालावर बसली. पुन्हा तेच. मग बारकी जागा बदलायला धावली, पाय घसरून पडली, पडता पडता तिचं बोट दाबलं गेलं आणि तिसरी माझ्या हनुवटीला लागली. ती तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती. पडल्या जागी बाबाने तिच्या दंडावर नेम धरून गोळी झाडली. तिने लगेच हात वर केला, ‘लागली’ म्हणाली आणि बाहेर गेली. शरमेने माझ्या काचेवर वाफ धरली. घाम त्याचा, शरम माझी.

खेळ संपल्यावर बारकी पंचासमोर म्हणाली, की बाबाला दोनदा लागली होती. बाबाने मला कपाळावर सरकवलं आणि कामावरचा आवाज काढला. "पुरावा दाखव. खोटं बोलून जिंकायचं नसतं, बारके."

खोटं! अरे, तिला खोटारडी म्हणताना मला डोक्यावर घेऊन उभा आहेस तू! मला तोंडाच्या जागी जाळी आहे, जीभ नाही, नाहीतर भर मैदानात सांगितलं असतं. मामा म्हणाला, जाऊ दे, खेळ आहे. पोर रडली नाही. तिने आपला मास्क काढला, नीट पुसला आणि पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी टेबलावर निवाडा झाला. मी खुर्चीच्या पाठीला टांगलेला. बाबाने कागदावर दोन रकाने आखून फायदे-तोटे लिहिले होते आणि एअरसॉफ्ट जिंकत होता. बारकी म्हणाली, पेंटबॉल. का, असं विचारल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "त्यात तू बाद झालास की दिसतं."

मामा हसला आणि मधेच थांबला. बाबाने पेन खाली ठेवून विचारलं, म्हणजे मी खोटारडा का? आई शेजारी उशीच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, की टक्कन आवाज आला होता, तिने ऐकला होता.

बारकीने बाबाकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडे वळली. "मग तिथे का नाही बोललीस?"

आई अभ्र्याच्या कडेला कड जुळवत राहिली. ती कड आधीच जुळलेली होती.

ठरला पेंटबॉल. तीन रविवार झाले, तिघंच जातात. बारकीला अभ्यास असतो. बाबा आता रंग लागला की शहाण्यासारखा बाहेर पडतो आणि वर आई नि मामाकडे बघतो, जणू काही कौतुकच करायचं. रंग दिसल्यावर बाहेर जाण्यात कसलं आलंय डोंबलाचं कौतुक?

आज दुपारी तो मला हातात घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. येत्या रविवारी येतेस का, म्हणाला, तुझाच खेळ आहे. वहीतून डोकं न काढता तिने विचारलं, "त्या दिवशी लागली होती?"

आता ते कशाला उकरून काढायचं, असं म्हणाला. म्हणालाच! माझं प्लास्टिक वितळायचं बाकी होतं. तिने ‘बरं’ म्हटलं आणि पान उलटलं. तो जायला वळला, दोन पावलं गेला, थांबला. माझा पट्टा त्याने बोटांना इतका घट्ट गुंडाळला की मला वाटलं तुटतो आता.

"लागली होती," तो भिंतीकडे बघून म्हणाला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तीनदा."

बारकीने पेन्सिल खाली ठेवली. "मला दोनच माहीत होत्या."

"तिसरी हनुवटीला. तू पडलीस तेव्हा."

मग खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिने त्याला बसायला जागा केली.

माझा राग गेला असं समजू नका. अर्धा गेलाय. ही खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि तिथे आई भांडी केव्हाच धुऊन झाली तरी नळ सोडून उभी आहे. तिने सगळं ऐकलंय, याही वेळी. तुमच्यापैकी कुणाचा आवाज तिथवर पोचत असेल तर एवढं सांगा तिला, की बाई, नळ बंद कर आणि इकडे ये.