टपालवालीचा निळा कोट

मासिकातल्या चित्रकथेचं मुखपृष्ठ आत्या रंगवायची आणि आतली पानं भाची काढायची. मुखपृष्ठं दोन महिने आधीच छापून ठेवत. तोवर आतली गोष्ट लिहूनही झालेली नसे. संपादक एक ओळ कळवत, तेवढ्यावर आत्या चित्र करायची. मग भाची कुरकुरायची.

"आत्या, तुझ्या चित्रात वाघ आहे. माझ्या गोष्टीत साधं मांजर नाही."

"लोक मुखडा बघून घेतात, बाई. आत काय निघेल ते त्यांचं नशीब."

या खेपेला संपादकांनी छापील मुखपृष्ठ भाचीपुढे ठेवलं. कथेची नायिका टपालवाली, आणि तिचा कोट पहिल्या अंकापासून राखाडी. इथे तो लख्ख निळा होता.

"चौदा वर्षांत पहिल्यांदा चुकल्या," संपादक म्हणाले. "छापलंय ते जाऊ दे, पण त्यांना सांगायला हवं."

आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असणार, हे भाचीच्या लक्षात आलं. मोतीबिंदूने डोळ्याचं भिंग पिवळट होतं, निळा उजेड आत कमी पोचतो. आत्याला हा कोट राखाडीच दिसला असणार. कमी दिसणारा निळा ती ब्रशाने भरत गेली असणार. आणि 'रंग चुकला की त्या दिवशी ब्रश धुऊन कायमचा ठेवून देईन' असं ती नेहमी म्हणायची. बोलली की करणारी बाई.

"सांगू नका," भाची म्हणाली. "मी आतला कोट निळा करते."

"बावीस पानं आहेत!"

"रंगवलेली आठच आहेत."

तिने त्या आठांतल्या राखाडीवर निळ्याचा पातळ हात फिरवला. पहिल्या पानावर एक चौकट वाढवली: टपालवाली घाईघाईत रंगाऱ्याच्या पिंपात पडते, कोटासकट. मग ती आत्याकडे गेली.

"चल, डोळे दाखवून येऊ."

"मला काय धाड भरलीय?"

"चष्म्याचा नंबर तरी बघू."

अंक बाजारात आला तेव्हा आत्याच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. तिने तो खिडकीशी धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा निळा मी लावला?"

आत्याने पान उलटलं. पिंप दिसलं. पुढे निळा कोट, पुन्हा निळा कोट. चौथ्या पानावर कॉलरपाशी तिचा अंगठा थांबला.

"याच्या खाली राखाडी आहे."

"हो."

"किती पानं?"

"आठ."

आत्याने पुन्हा पहिलं पान काढलं.

"पिंपात पडली, पण बूट कोरडेच," ती म्हणाली.

"घाईत होते गं."

"दिसतंय. पुढच्या अंकात कोट कोणता?"

"मुखपृष्ठ आधी असतं. तू ठरव."

आत्याने दोन बश्या पुढे ओढल्या, एकीत राखाडी कालवला, दुसरीत निळा. चौदा वर्षांत रंगाबद्दल तिने कुणाला विचारलं नव्हतं. तिने बाजूची खुर्ची पायाने सरकवली.

"बस इथे. बरोबर येतोय का, सांग."