वळणावरची बोगनवेल

किहीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवणाऱ्या हरेश्वरला गावच्या वळणावरची ती बोगनवेल पाहिली की संताप यायचा. सुशोभीकरणाच्या नकाशात वळणाच्या आतल्या बाजूला नुसती हिरवळ दाखवली होती. पण सरपंच प्रणयला फोटोत रंग हवा होता. सुंदर गावाची स्पर्धा होती ना! पंधरा दिवसांपूर्वी रोपवाटिकेतून माणसाएवढ्या वेली आणून त्याने वळण असं गच्च भरलं की पलीकडून हत्ती आला तरी दिसू नये. वर निळे दिवे, आणि गावाच्या नावापेक्षा मोठं सरपंचाचं नाव.

हरेश्वरची बायको शकू त्याच वळणावर शहाळी विकायची. घर अलीकडे, हातगाडी पलीकडे. दिवसातून दहा वेळा तिला रस्ता ओलांडावा लागे. वेलींपुढे डोळ्यांचा उपयोग उरला नव्हता, म्हणून ती गाडीचा आवाज ऐकून पळायची.

"सरपंच, गुडघ्याएवढी तरी छाटा. अंगावर येईस्तवर गाडी दिसत न्हाय," हरेश्वर रोज विनवायचा.

"हरेश्वरदादा, सोमवारी स्पर्धेची समिती येतेय. तेवढं होऊ द्या की."

सोमवारी समिती आली ती विजेवरच्या गाडीतून. आवाज कसला तो नाही. शकू पाण्याची कळशी घेऊन निघाली होती. करकचून ब्रेक लागले, तरी धक्का बसलाच; कळशी उडाली आणि शकू मोडलेलं मनगट धरून रस्त्यातच बसली.

समितीचे साहेब उतरले ते ओरडतच, "बाई, दिसत नाही का?" प्रणय धावला, पण वेलीकडे. एक लोंबती फांदी आत खोचत म्हणाला, "साहेब, फोटो या बाजूने घ्या."

हरेश्वर रिक्षा सोडून शकूकडे धावला. माणूस आहे की कोण हा सरपंच! त्याने शकूला उचलून रिक्षात बसवलं.

"दवाखाना मंग," ती कण्हत म्हणाली. "आधी ती झाडी तोड."

त्याने तिच्या हातगाडीवरचा कोयता घेतला. काटे घुसून हात रक्ताळले. प्रणय लांबूनच पोलिसांच्या धमक्या देत राहिला. शेवटची वेल आडवी झाली तसा पार पुलापर्यंतचा रस्ता मोकळा दिसला. तिकडून येणाऱ्या टेम्पोवाल्याने माणसं लांबूनच पाहिली आणि वेग कमी केला.

हरेश्वरने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं लागली होती. एवढ्याशा कामासाठी आपण पंधरा दिवस या माणसापुढे हात जोडत फिरलो, याची त्याला अशी किळस आली की शकूच्या नजरेला नजर देता येईना.