चौथी सुई

मित्रांनो, रक्तपेढीच्या त्या खोलीत दोन शीतकपाटं होती, एक संगणक, तीन प्रिंटर आणि माझ्या डोक्यात नऊ सुया. तिघा प्रिंटरांत मी सगळ्यात जुना, डॉट मॅट्रिक्स.

लेझर कागदावर पूड चिकटवतो, इंकजेट शाई फवारतो. दोघेही देखणे आणि अबोल. पण ते कागदाला ठोका देत नाहीत, म्हणून कार्बनचा तीनपदरी फॉर्म त्यांच्याकडून होत नाही. माझ्या सुया शाईच्या फितीवर आपटतात आणि तीन प्रती एकदम उमटतात. पांढरी कार्यालयात जाई, पिवळी फायलीत. सगळ्यात खालची, सगळ्यात पुसट गुलाबी प्रत रक्ताच्या पिशवीला बांधत. पिशवी कोणत्या गटाच्या कप्प्यात ठेवायची, ते तिच्यावरूनच ठरे.

बारा वर्षं मी हे केलं. "म्हातारा कुरकुरतो, पण दगा देत नाही," असं तंत्रज्ञ ताई कौतुकाने सांगायच्या. मग माझं डोकं पुसणं राहून जाऊ लागलं. कागदाचा भुसा साचला आणि एका सोमवारी माझी चौथी सुई आत अडकली.

शिपाईकाकांना ते कानानेच कळलं. "ताई, याचा सूर बदललाय. बघता का जरा?"

"काका, गाण्याचा क्लास नंतर! मला मान वर करायला फुरसत नाही."

चौथी सुई अक्षराची मधली आडवी रेघ काढते. ती नसली की इंग्रजी 'बी'ची कंबरच जाते. पांढऱ्या प्रतीवर तिथे फट दिसते. गुलाबीवर ती फट बुजते आणि 'बी'चा 'ओ' दिसतो. मला कळत होतं, पण हुकूम आला की ठोका द्यायचा, एवढंच मला येतं.

बुधवारी दुपारी प्रसूतिकक्षातल्या सिस्टर धावत आल्या. "दोन ओ द्या, ताई! बाई पांढरीफटक पडलीय. तिच्या रक्ताशी जुळवून बघायला वेळ नाही."

ताईंनी कप्प्यातल्या दोन पिशव्या ट्रेमध्ये ठेवल्या. सिस्टर गेल्या. नोंद करताना ताई थबकल्या. संगणकावर ओच्या चार पिशव्या होत्या. दोन गेल्यावर दोन उरायला हव्यात. कप्प्यात तीन होत्या.

त्यांनी माझं चाचणीचं बटण दाबलं. मी 'एच'ची ओळ छापली. प्रत्येक 'एच' म्हणजे दोन सुट्या काठ्या.

"काका, पळा! सिस्टरना अडवा! रक्त लावू देऊ नका!"

काका गुडघे विसरून पळाले. ताईंनी उरलेल्या तिन्ही पिशव्यांच्या नळ्यांतला थेंब तपासला. तिन्ही ओ. म्हणजे चुकीची पिशवी ट्रेमध्येच गेली होती.

मित्रांनो, मला कौतुक नको. आठवड्यातून एकदा डोकं पुसा. आणि कोणी म्हणालं की आवाज बदललाय, तर हसण्यावारी नेऊ नका, एक ओळ छापून बघा. एका मिनिटाचं काम आहे.

सिस्टर धापा टाकत ट्रे घेऊन परतल्या. दोन्ही पिशव्या सीलबंद होत्या. ताईंनी त्यांना तपासलेल्यांतल्या दोन दिल्या, काकांकडे न बघता "चुकलं हो माझं" म्हणाल्या, आणि परत आलेल्या पिशव्यांचे थेंब काचपट्टीवर घेतले.

पहिली पिशवी: ओ.

दुसरी पिशवी: बी.