हत्तींचं कलम

वकीलबाईंना पार्टनर करायचं की नाही, हे दुपारी तीनला ठरणार होतं. बाईंनी सकाळपासून तीनदा केस विंचरले होते. आठ वर्षं त्या या बारा मजली फर्ममध्ये मान मोडून राबल्या होत्या, आणि घरी आईला अजून पत्ता नव्हता की लेक नेमकं करते काय.

"कोर्टात तर कधी जात नाहीस, मग वकील कसली गं तू?"

"आई, मी करार लिहिते."

"आठ वर्षं? संपला नाही का अजून?"

खरं सांगायचं तर बाईंचं सगळं नाव एका कलमावर उभं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका लाकूड व्यापाऱ्याच्या गोदामाचा करार लिहिला. गोदाम जंगलाला खेटून होतं, म्हणून करार पाळता आला नाही तरी दोष नाही अशा पूर, भूकंप, संप या संकटांच्या यादीत त्यांनी 'हत्तींचा उपद्रव'ही घातला. तिथवर ठीक होतं. पुढच्या आठवड्यात तोच मसुदा पुढ्यात घेऊन त्यांनी भर शहरातल्या हॉटेलचा करार केला आणि हत्ती काढायला विसरल्या. फर्मच्या थोरल्या साहेबांनी तो वरवर चाळला, "वा, काय नेटकं कलम!" म्हणाले आणि सगळ्या करारांत तेच वापरायचा हुकूम सोडला. बाईंना बढती मिळाली. सहा महिन्यांनी हत्ती त्यांच्या नजरेस पडले, तोवर ते दीडशे करारांत शिरले होते. बाई मूग गिळून गप्प बसल्या.

बाकीच्यांनीही कधी विचारलं नाही. वरच्यांनी काहीतरी विचार केलाच असेल, असं प्रत्येक मजला वरच्या मजल्याबद्दल म्हणत राहिला. थोरले साहेब तर नवख्या वकिलांना ते कलम वाचून दाखवत आणि म्हणत, "याला दूरदृष्टी म्हणतात."

आणि नेमक्या याच आठवड्यात एका नव्या मुलीने दातांच्या दवाखान्याच्या करारातून हत्ती उडवले. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने जुना करार शेजारी ठेवून पाहिला आणि फोनवर आकांडतांडव केलं, "आमचं हत्तींचं संरक्षण का काढलं?" साहेबांचा पारा चढला. न विचारता कलमाला हात लावते म्हणजे काय? आज संध्याकाळपर्यंत मुलीने टेबल रिकामं करावं, असं ठरलं.

बाईंना हे तीनच्या बैठकीसाठी जिना चढताना कळलं. तोंड उघडावं तर पार्टनरशिप हातची जाणार, आणि न उघडावं तर त्या पोरीची नोकरी. आज नको, उद्या सांगू, असं त्यांनी दोन मजले स्वतःला समजावलं. पण उद्या ती पोरगी इथे नसणार होती.

"तर बाई," बैठकीत साहेब हसून म्हणाले, "आठ वर्षांतलं तुमचं सगळ्यात मोलाचं काम कोणतं म्हणाल?"

"साहेब, ते हत्ती माझे आहेत," बाई म्हणाल्या. "चुकून राहिले. मला कधीचं माहीत होतं. त्या मुलीने बरोबर केलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका पार्टनरबाईंना एकाएकी खोकला आला, आणि तो काही केल्या थांबेना.

"मी तीन भाषणं दिलीत यावर," साहेब हळूच म्हणाले.

"दोन मी ऐकलीत. छान होती."

साहेबांनी समोरची फाइल मिटली आणि म्हणाले, "मुलीला थांबायला सांगा. तुमचं पुढच्या वर्षी बघू."

बाईंना वाईट वाटलं, आणि तेही भरपूर. जिन्यात त्या क्षणभर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली नवी मुलगी खोक्यात पुस्तकं भरत होती.

"काढ ती बाहेर. तू राहतेयस."

मुलीने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "आणि तुमचं काय झालं, बाई?"

"पुढच्या वर्षी."

"माझ्यामुळे?"

"छे गं. माझ्यामुळेच."

मुलीने डोळे पुसले, एकेक पुस्तक परत मांडलं. मग चाचरत एक कागद पुढे सरकवला. "रागावणार नसाल तर... हे अकरावं कलमही मला पटत नाहीये. तुम्हीच लिहिलंय."

बाईंनी वाचलं. त्यांना ते चांगलं पटत होतं. पण आठ वर्षांत त्यांच्याशी असं भांडायला कुणी आलं नव्हतं, आणि त्यांना आतून फार बरं वाटलं. खुर्ची ओढून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "बोल, काय चुकलंय?"