जिन्याची सावली

लेकीने शेवटचा स्क्रू काढला आणि जुनं ग्राफिक्स कार्ड संगणकाच्या खाचेतून हळूच उपसलं. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. तान्हं मूल घ्यावं तसं त्यांनी ते घेतलं आणि त्याच्या पंख्यावरून अंगठा फिरवला.

"गार पडलंय बिचारं. संपलं याचं."

"इतकी वर्षं राबलंय, बाबा. आता जाताना नावं नका ठेवू."

"नावं कुठे ठेवतोय? पण दोन कामं परत आली ती याच्यामुळेच ना?"

आई वाळलेले कपडे खांद्यावर घेऊन दारात उभी होती. कॉटभर पसरलेले स्क्रू आणि झाकणं बघून ती म्हणाली, "परीक्षा चाललीय की निरोप समारंभ? एकदा ठरवा. मला घड्या घालायच्यात." आणि ती कपडे घेऊन आतल्या खोलीत गेली.

बाबांचं काम होतं न बांधलेल्या इमारती दाखवायचं. आर्किटेक्टच्या नकाशावरून ते संगणकात अख्खी इमारत उभी करत आणि गिऱ्हाइकाला तिच्यातून फिरवून आणत. हल्ली मात्र त्यांची दोन कामं परत आली होती. एकात जिन्याचा कठडा भिंतीत घुसलेला, दुसऱ्यात एक पायरीच अर्धवट. आर्किटेक्ट फोनवर गोड बोलला होता, पण पुढचंही काम असंच आलं तर दुसरा माणूस बघावा लागेल, हेही त्याने सांगून टाकलं होतं. बाबांनी सगळं खापर कार्डावर फोडलं. "तेच धड दाखवत नाही, तर मी काय करू?"

म्हणून लेक सुट्टीला येताना नवं कार्ड घेऊन आली. पण बाबांची अट होती की आधी दोन्ही कार्डांची तुलना करायची. तीच इमारत, तोच जिना, तोच संध्याकाळचा तिरपा उजेड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. कामाची वाटणीही त्यांनीच केली. कार्डं तिने बदलायची, तारा ते लावणार.

जुन्या कार्डावरची फेरी झाली होती. सेकंदाला जेमतेम अकरा चित्रं. जिना चढताना पडदा धाप लागल्यासारखा अडखळत होता.

तिने नवं कार्ड खाचेत बसवलं. "याची मेमरी जुन्याच्या तिप्पट आहे, बाबा. वीजही कमी खातं. आणि सावल्यांची याची पद्धतच वेगळी. उजेड कुठून निघाला, कशावर आपटला, पुढे कुठे गेला, याचा हिशेब करून सावली काढतं."

"म्हणजे वाटी आणि बॅटरी."

दोघंही हसली. ती लहान असताना दिवे गेले की बाबा भिंतीपाशी एक वाटी धरत आणि तिच्या हातात बॅटरी देत. वाटी भिंतीला टेकली की सावलीची कड कात्रीने कापल्यासारखी दिसे. वाटी दूर नेली की तीच कड विरघळत जाई. "वस्तूजवळ सावली धीट असते," बाबा सांगत, "लांब गेली की लाजते."

बाबा संगणकाच्या मागे हात घालून बोटांनी चाचपडत होते. थंडीच्या दिवसांत त्यांनी टेबल खिडकीपाशी आणलं होतं, उजेड हवा म्हणून. तेव्हाही सगळ्या तारा त्यांनीच लावल्या होत्या.

"हं. बसली. कर सुरू."

पडद्यावर जिना उभा राहिला. तिने कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. अकरा. मध्येच बारा. पुन्हा अकरा.

बाबा खुर्ची पुढे ओढून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. "बघितलंस? कठड्याच्या पायाशी सावली कशी रेघेसारखी! आणि खालच्या पायरीवर येईपर्यंत कशी मऊ झालीय. याला म्हणतात कार्ड."

तिने पाहिलं. सावली वरपासून खालपर्यंत सारखीच होती, काळी आणि दातेरी. तिने तोंड उघडलं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. इतके खूश ते तिला बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

"छान आहे," ती म्हणाली.

"अगं ऐकलंस का!" बाबा उठून आईला सांगायला आत गेले.

तिने नव्या कार्डावर हात ठेवला. गार. पंखेसुद्धा फिरत नव्हते. मग ती मागे वाकली. पडद्याची तार कार्डात नव्हतीच. वर, मशीनच्या स्वतःच्या खोबणीत होती, म्हणजे चित्र कार्डाला वगळूनच पडद्यावर येत होतं. दोन्ही खोबणी सारख्याच दिसणाऱ्या, वीतभर अंतरावर. तिने जुनं कार्ड उचलून उजेडात धरलं. त्याच्या खोबणीत धूळ दाटून बसली होती. टेबल हललं तेव्हापासून त्या कार्डाला कुणी काम सांगितलंच नव्हतं.

तिने तार काढून खालच्या खोबणीत लावली आणि जिना पुन्हा सुरू केला. पंखे घुमायला लागले. आकडा नव्वदीवर गेला. कठड्याच्या पायाशी सावली रेघेसारखी उमटली आणि खालच्या पायरीवर येता येता मऊ झाली. बाबांनी मघाशी सांगितली होती अगदी तशीच.

ती बराच वेळ त्या पायरीकडे बघत राहिली.

"काय गं, परत लावलंस?" बाबा दारातून म्हणाले.

"हो. एकदा बघता?"

ते बसले, वाकले. "तेच तर म्हणतोय मघापासून." मग थांबले. मान तिरपी करून ऐकू लागले. "हा पंख्याचा आवाज मघाशी नव्हता."

बाबांनी मागे हात घातला. बोटं तारेवरून सरकत गेली आणि खालच्या खोबणीपाशी थांबली. मग त्यांनी जुनं कार्ड जवळ ओढलं आणि त्याच्या खोबणीवर बोट टेकवलं. बोटाला धूळ लागली.

"याचं काही चुकलं नव्हतं, नाही?"

"नाही, बाबा. ठणठणीत आहे ते."

बाबांच्या मागोमाग आलेली आई घड्या घालता घालता थांबली होती. लेकीने जुनं कार्ड नव्याच्या खोक्यात नीट ठेवलं, झाकण लावलं आणि खोक्याकडे बघतच म्हणाली, "उद्या मला डोळे तपासायला जायचंय. एकटीला कंटाळा येतो. याल सोबत?"

"तुझे डोळे?" आई म्हणाली. "तुला तर समोरच्या गच्चीवरचा चिमटासुद्धा..." आणि तिने पुढचा टॉवेल उचलला.

बाबांनी बोटाची धूळ विजारीला पुसली. उठून त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले.

"बस, चिमणे. हे काम पाठवायच्या आधी एकदा तू बघ. खालपासून वरपर्यंत, पायरी पायरी. कठडा कुठे भिंतीत घुसलाय का ते सांग मला."

ती बसली. तिने जिना पहिल्या पायरीपासून सुरू केला.

"आणि उद्या?" तिने विचारलं.

"सकाळीच जाऊ," बाबा म्हणाले. "उजेड चांगला असतो."