न छापलेली आकृती

अमीन सिद्दींनी जेवणाच्या टेबलावरच्या ताटल्या बाजूला सरकवल्या आणि खजुराच्या बिया मांडायला घेतल्या. पाच बिया गोलरेषेवर, चार वर्तुळाच्या टोकाशी. त्यांच्या बायकोनं, गुलबानूनं, हातातला फडका टेबलावर आपटला.

"आत्ताच पुसलंय मी. चघळलेल्या बिया त्या!"

"धुतल्यात गो." ते समोर बसलेल्या नुमानकडे वळले. "हे बघ. पेनल्टी कॉर्नरला चेंडू आत ढकलणारा एकदा ढकलून मोकळा झाला की सगळे त्याला विसरतात. तोच धावत परत खांबाशी आला तर?"

"तर आपला गोलकीपर सरावात शिव्या घालेल."

"कुणाला?"

"तुलाच. आपल्या कोकणातल्या शिव्या शिकवल्यात मी त्याला, अरबीतून समजावून."

दोघं हसले. नुमान सोहारच्या संघात अमीनचा सहायक होता आणि त्याआधी तीस-पस्तीस वर्षांचा दोस्त. देशातल्या सर्वांत वरच्या हॉकी साखळीत खेळणाऱ्या त्या संघानं दोन महिन्यांपूर्वी अमीनला मुख्य प्रशिक्षक केलं होतं. मस्कतजवळच्या अल खौदहून सोहारला दोघं रोज एकाच गाडीनं जायचे.

"उद्या छापून येईल हे," अमीन म्हणाले. संध्याकाळपासून तिसऱ्यांदा. "आपल्या आधीच्या त्या डच माणसाची आकृती अर्धं पान छापली होती. तीन रंगांत."

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं, अदीबानं, ताटल्या उचलल्या.

दुपारी याच टेबलाशी यशश्री दोन तास त्यांची मुलाखत घेत बसली होती. यशश्री अदीबाची शाळेतली मैत्रीण, आता मस्कतच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात बातमीदार. तिनं बियांचा फोटोही घेतला. अदीबा तिला सोडायला खाली गेली, तेव्हा गाडीचं दार उघडता उघडता ती म्हणाली, "काका गोड आहेत गं. पण हॉकीच्या आकृत्या कोण वाचतं? डेस्कवरचे संपादक आतल्या पानावर चार ओळी देतील. काहीतरी ह्यूमन दे ना."

अदीबा विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होती. माणसं कशानं पान उलटतात हे आपल्याला कळतं, असं तिला वाटे. तिनं रुमालाची गोष्ट सांगितली. अब्बा मुरूडचे सिद्दी. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आलेले. सतरा वर्षांचे असताना पुण्याच्या शिबिरात एका निवड समितीवाल्यानं सगळ्या पोरांसमोर ओला रुमाल त्यांच्या गालावर घासला होता, रंग निघतो का ते बघायला. मग रुमाल उलगडून सगळ्यांना दाखवला होता. पोरं हसली होती.

"एकच ओळ घाल," अदीबा म्हणाली. "बाकी खेळाचं."

"प्रॉमिस," यशश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्धं पान आलं. मथळ्यात रुमाल होता. अमीनच्या चेहऱ्याचा मोठा फोटो, अर्धा अंधारात ठेवलेला. लेखात गुलाम होते, जहाजं होती, 'पहिला काळा प्रशिक्षक' हे शब्द पाच वेळा होते. पेनल्टी कॉर्नर हा शब्द कुठेच नव्हता.

अमीननं उभ्यानंच वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"रुमालाचं मी तिला सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

अदीबानं नळ सोडला आणि धुतलेला कप परत धुवायला घेतला.

"या देशात घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक आहे ते. शिबिरात माझ्या शेजारच्या खाटेवर होता."

पाणी वाहत राहिलं. "नळ बंद कर गो," अम्मी आतून ओरडली, तेव्हा तिनं तो बंद केला.

त्या दुपारी तिनं यशश्रीला फोन केला.

"तू एक ओळ म्हणाली होतीस."

"मथळा डेस्क देतो, अदीबा. आणि बघ तरी किती शेअर झालंय! लोक रडलेत वाचून."

शनिवारी अब्बांनी नुमानला घरी बोलावून घेतलं. अदीबा कामावरून परतली तेव्हा टेबलावर दोन कप तसेच भरलेले होते, चहावर साय धरलेली. काय बोलणं झालं ते तिनं विचारलं नाही. रविवारपासून अब्बा सोहारला एकटेच जाऊ लागले. पंधरा दिवसांत नुमानला ज्युनियर मुलांकडे पाठवण्यात आलं.

संघ पहिला सामना त्याच कॉर्नरवर जिंकला. ढकलणारा पोरगा धावत खांबाशी आला आणि चेंडूला नुसती काठी लावली. सामना संपल्यावर माइक पुढे आला. काळा प्रशिक्षक म्हणून आज काय वाटतं?

"खांबाशी कोण आला होता, पाहिलंत का?" अमीननं विचारलं.

टीव्हीवर तेवढं कापलं गेलं. पुढे दोन सामने हरले, तेव्हा एका वर्तमानपत्रानं 'धाडसी प्रयोग फसला' असं छापलं. प्रयोग म्हणजे कॉर्नर नव्हे, ते घरात सगळ्यांना कळलं. अमीननं ते पान चौकोनी घडी करून बुटांखाली अंथरलं आणि बुटांना पॉलिश करत बसले. अदीबा शेजारी येऊन बसली. दर शुक्रवारी ती आज सांगायचं असं ठरवत असे.

"मला राग कशाचा येतो माहितेय?" ते म्हणाले. "ती माझी लाज होती. कुणाला द्यायची ते मी ठरवणार होतो."

"अब्बा..."

"काय गो?"

"चहा ठेवू?"

"ठेव."

फेब्रुवारीत एका सकाळी सोहारच्या रस्त्यावर त्यांची गाडी कडेला नीट लावलेली सापडली. इंजिन चालू, इंडिकेटर चालू, अब्बा स्टिअरिंगवर कलंडलेले; हृदय बंद पडलं होतं. एकटेच होते का, असं डॉक्टरांनी विचारलं. दोनदा विचारलं.

तिसऱ्या दिवशी घरात बायका कुराण वाचत बसल्या होत्या. चूल तीन दिवस बंद; शेजारपाजारचे आणि नातेवाईक जेवण आणून देत होते. दुपारी दारात नुमान उभा राहिला, दोन्ही हातांत फडक्यात बांधलेलं पातेलं. चार महिन्यांत त्याची दाढी पांढरी झाली होती.

"आमच्या खुदेजानं पाठवलंय, भाभी. डाळ-भात आहे."

गुलबानू उठून दाराशी गेली. तिनं हात पुढे केले नाहीत.

"परत न्या, नुमानभाई. उपाशी राहू, पण तुमच्या घरचं नको."

आतलं वाचणं हळू झालं.

"आपा, मौतीच्या घरी असं नको," कुणीतरी पुटपुटलं.

"का नको? ह्याच दारात नुमानभाईंनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. अदीबाच्या अब्बांनी विचारलं, 'या देशात घराबाहेर तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?' हे म्हणाले, 'मीच सांगितलं, अमीन. चुकलो.' मी इथेच उभी होते, चहा घेऊन."

अदीबानं मान वर केली. नुमान तिच्याकडे बघत नव्हता. तो पातेल्याच्या फडक्याची गाठ बघत होता, अगदी लक्ष देऊन.

या देशात घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि आपण स्वतः सांगितलेलं नाही, म्हणजे ते घरातूनच गेलं, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

"बरोबर आहे, भाभी," तो म्हणाला. "येतो मी."

पातेलं एका हातावर तोलत त्यानं पायानं चप्पल चाचपली. एक पाय आत गेला, दुसरा जाईना.

अदीबा उठली. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दारापर्यंत आली. नुमाननं आता तिच्याकडे पाहिलं आणि कुणाला दिसणार नाही इतकी बारीक मान हलवली. नको.

"अम्मी," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा सुरुवात केली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"अम्मी, पातेलं घे त्यांच्या हातातून. चाचांनी नाही. मी सांगितलं होतं."